गाडी उभी राहिली की दिवस वाया जातो का?

टेक्ससमधल्या ऑस्टिनजवळ राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ५९. यजमान गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि दोघांनी हौसेने २४ फुटी, वापरलेली क्लास सी आरव्ही (आत राहता येईल असं मध्यम आकाराचं फिरतं घर) घेतली. सोबत दोन मांजरं असतात, नऊ वर्षांची मांजरी आणि अडीच वर्षांचा बोका. आतापर्यंत तीन सहली झाल्या, आणि दर वेळी यजमानांनी चार दिवसांत पाच ठिकाणं बसवली. गाडी सुरू झाली की मांजरी ओरडू लागते आणि तासाभरात ओकते. बोका मुक्कामाला पोचला की कुठेतरी घुसतो, तो शोधून सापडत नाही. ताईंना पाव-बिस्किटं भाजायचा नाद आहे, पण गाडीतल्या ओव्हनमध्ये सगळं खालून करपतं आणि वरून पांढरंफटक राहतं. यंदा ब्लूबॉनेट ही टेक्ससची निळी रानफुलं फुलतील तेव्हा त्यांना एक अख्खा दिवस एकाच जागी घालवायचा आहे. यजमान म्हणतात, "एवढे पैसे घातले ते घरच्यासारखंच बसायला?" मुलगी म्हणते, मांजरं कॅटरीत, म्हणजे मांजरं सांभाळणाऱ्या ठिकाणी, ठेवा. ताई विचारतात, "माझंच चुकतंय का? मांजरं मागे ठेवावीत, की गाडीच विकून टाकावी? आणि कुंड्या न्यायच्या का? मोगरा, कढीपत्ता आणि एक लिली आहे."

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो थांबण्यासारखा नाही. ती लिली गाडीत नकोच, पण घरातही नको. खऱ्या लिली आणि डे-लिली या दोन्ही मांजरांसाठी जीवघेण्या आहेत. पान, पाकळी, अंगाला लागून चाटले गेलेले पराग, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मूत्रपिंड निकामी करायला पुरतं. सुरुवातीला फक्त थोडी ओकारी आणि मरगळ दिसते, ती काही वेळा कमीही होते, आणि दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. म्हणून मांजराने लिलीला तोंड लावल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता तडक आपत्कालीन पशुवैद्यकाकडे जायचं. ब्लूबॉनेटच्या हंगामात अमेरिकेतल्या दुकानांत ईस्टर लिलीच्या कुंड्यांची रांग लागलेली असते, त्यामुळे भेट म्हणून आलेली कुंडीही तपासून घ्या. पीस लिली वेगळी. तिने तोंडाची आग होते, लाळ गळते, पण मूत्रपिंडाला धोका नसतो.

मोगरा बिनधास्त न्या. फक्त 'जॅस्मिन' एवढ्या नावावर विसंबू नका. टेक्ससमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये कुंपणांवर फुलणारी पिवळी कॅरोलायना जॅस्मिन आपल्या मोगऱ्याच्या कुळातली नाही आणि ती विषारी आहे. गाडीत फुलणारं काही हवं असेल तर आफ्रिकन व्हायोलेट सगळ्यांत सोयीचं. कुंडी चार इंची पुरते, खिडकीतला मंद उजेड चालतो आणि मांजरांनाही त्याचा धोका नाही. प्रवासात कुंड्या सिंकमध्ये टॉवेल खोचून उभ्या ठेवायच्या, मोठी कुंडी शॉवरमध्ये.

कढीपत्ता मात्र घरीच राहू द्या. ही गोष्ट आपल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसते. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबू-संत्र्याच्या झाडांना 'सिट्रस ग्रीनिंग' हा रोग देणारी कीड त्याच्यावर आनंदाने वाढते. त्यामुळे अमेरिकेच्या कृषी खात्याने कढीपत्त्याच्या रोपांच्या वाहतुकीवर बंधनं घातली आहेत. टेक्ससबाहेर ती कुंडी परवान्याशिवाय नेता येत नाही, आणि टेक्ससच्या आतही काही भागांत निर्बंध आहेत. फोडणीसाठी पानं लागणार असतील तर घरीच तेलात तळून डबीत भरा.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे येऊ. त्यांना वाटतं, गाडी चालली तर पैसे वसूल होतात. हिशेब उलटा आहे. तुमच्या आकाराची क्लास सी गॅलनला साधारण ८ ते १० मैल जाते. ३०० मैलांच्या दिवसाला तीस ते सदतीस-अडतीस गॅलन पेट्रोल लागतं, म्हणजे गॅलनला ३ डॉलर धरले तरी शंभर डॉलर रस्त्यावर. ती गाडी विकत घेतली ती आतल्या पलंगासाठी, चुलीसाठी आणि खिडकीसाठी. या तिन्ही गोष्टी गाडी पळत असताना वापरता येत नाहीत. आरव्हीवाल्यांमध्ये 'तीन-तीन-तीन'चा एक नेम सांगतात: दिवसाला ३०० मैलांहून जास्त नाही, दुपारी ३ च्या आत मुक्कामी, आणि एका जागी ३ रात्री. मांजरं सोबत असतील तर मी त्यातले मैल निम्म्यावर आणीन. बाकीचं तसंच ठेवा.

पण ताई, एक गोष्ट तुम्हालाही विचारायची आहे. तुमच्या मनातल्या त्या निवांत दिवशी मांजरांचं लिटर (शी-शूच्या खोक्यातली माती) कोण साफ करणार, सांडपाण्याच्या टाक्या कोण रिकाम्या करणार, जेवण कोण करणार? पाव भाजणं हा तुमचा विसावा आहे, हे पत्रातून कळतं. पण न्याहारी, दुपारचं जेवण आणि भांडी त्याच दिवशी तुमच्याच वाट्याला येणार असतील, तर स्वयंपाकघर फक्त घरातून गाडीत आलं. हे आधी बोलून घ्या. ओव्हन तुमचा, बाकीची चूल, नळ्या आणि टाक्या त्यांच्या. शिवाय 'सोबत बसायचं' म्हणजे दोघांनी एकाच सावलीत बसायचं असं थोडंच आहे? ज्यांना पायाला भिंगरी आहे, त्यांना सकाळी चालायला जाऊ द्यावं. मांजरांपाशी एकाने थांबावं लागणारच आहे. टेक्ससच्या राज्य उद्यानांत पाळीव प्राण्याला एकटं सोडता येत नाही आणि दोरी ६ फुटांहून लांब चालत नाही.

जागेचं म्हणाल, तर तुमच्यापासून साठ-पासष्ट मैलांवरचं बर्नेटजवळचं इंक्स लेक स्टेट पार्क बघा. वीज-पाण्याच्या जागा आहेत, तळ्याकाठच्या गुलाबी खडकांमधून डेव्हिल्स वॉटरहोलकडे पायवाट जाते (यजमानांची सोय!), आणि बर्नेट ते लॅनो हा हायवे २९ चा पट्टा ब्लूबॉनेटसाठी प्रसिद्धच आहे. बहर साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो. पण बी शरद ऋतूत रुजतं, त्यामुळे त्या वेळच्या आणि हिवाळ्यातल्या पावसावर सगळं अवलंबून, आठवडा-दोन आठवडे मागेपुढे होतंच. तुम्ही दोघं निवृत्तीच्या वयाचे, म्हणून शनिवार-रविवारच्या गर्दीत शिरू नका. सोमवारी जा आणि तीन रात्री धरा. दोन रात्री हा अगदी शेवटचा तडजोडीचा आकडा, कारण जागा सोडायची वेळ दुपारी १२ ची असते, आणि एकाच रात्रीच्या मुक्कामात ताबा घेणं आणि सोडणं यातच दिवस संपतो. फ्रेडरिक्सबर्गजवळची विलो सिटी लूप फार देखणी, पण रस्ता अरुंद, दोन्हीकडे खासगी कुरणं आणि थांबायला मनाई. २४ फुटी गाडी तिकडे घालू नका.

तीनच्या आत पोचण्याचं कारण मांजरं. उजेडात गाडी समपातळीत लावता येते, वीज-पाणी जोडता येतं, आणि मांजरांना काळोख पडायच्या आत वास घेऊन जागा ओळखीची करता येते. दुसऱ्या दिवशीचा निवांतपणा या संध्याकाळी मिळवायचा असतो. रात्री नऊला पोचून, टॉर्चच्या उजेडात चाकांखाली ठोकळे सरकवणाऱ्या माणसाला सकाळी फुलं दिसत नाहीत, कालचं भांडण आठवतं.

मांजरीची ओकारी. आधी कारण बघा. मागच्या चाकांच्या मागे क्लास सीचा बराच भाग लोंबता असतो, आणि तो सगळ्यांत जास्त हेलकावे खातो. कॅरिअर मागच्या पलंगावर ठेवत असाल तर तिला बोट लागल्यासारखंच होणार. तो पुढे, डिनेटच्या (जेवणाच्या टेबलाच्या) बाकावर सीटबेल्टने घट्ट बांधा आणि तीन बाजूंनी पातळ चादर टाका. चालत्या गाडीत मांजर मोकळं कधीच नाही. ब्रेकच्या पेडलखाली शिरलेलं मांजर तुम्हा चौघांचा घात करेल. निघण्याआधी चार ते सहा तास खाणं बंद, पाणी चालेल. एवढ्याने भागलं नाही तर पशुवैद्यकाला विचारा. ओकारीसाठी मॅरोपिटंट आणि भीतीसाठी गॅबापेंटिन ही दोन औषधं मांजरांना नेहमी दिली जातात. मात्रा त्यांनीच ठरवायची, आणि पहिला डोस घरीच, प्रवास नसलेल्या दिवशी देऊन बघायचा. माणसांच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नका. औषधाइतकीच सवयही कामाची आहे. महिनाभर आधी कॅरिअर घरात उघडा ठेवा, त्यात जेवण द्या, मग उभ्या गाडीत दहा मिनिटं, मग इंजिन चालू करून दहा मिनिटं, मग कॉलनीला एक फेरी. नऊ वर्षांच्या मांजरीला हे पटायला वेळ लागतो, पण पटतं.

बोका हरवतो तो खरं तर लपतो. आरव्हीत लपायच्या जागा म्हणजे ड्रॉवरच्या मागे, डिनेटच्या बाकाखाली, फर्नेसच्या (गाडी ऊबदार ठेवणाऱ्या भट्टीच्या) नळीच्या भोकात, आणि सगळ्यांत वाईट, स्लाइड-आउटच्या (बटण दाबल्यावर बाहेर सरकणाऱ्या आणि आत येणाऱ्या भागाच्या) यंत्रणेत. एक दुपार बसून खालून टॉर्च मारा आणि जिथे तुमची मूठ आत जाते ते प्रत्येक भोक जाळीने किंवा प्लायने बंद करा. त्याला एक अधिकृत लपायची जागा द्या, खालच्या कपाटात चादर घालून, दार अर्धं उघडं ठेवून. लपू दे, पण तुम्हाला माहीत असलेल्या जागी.

लिटरचा खोका शॉवरमध्ये चांगला बसतो. फर्नेसच्या हवा ओढणाऱ्या जाळीपाशी ठेवू नका, वास गाडीभर फिरेल. दोन मांजरांना घरी तीन खोके ठेवतात. गाडीत दोन छोटे पुरतात, दिवसातून दोनदा साफ केले तर. आणि यजमानांना हे आवर्जून सांगा: गोळे होणारं लिटर टॉयलेटमध्ये कधीही टाकायचं नाही. ती माती ब्लॅक टँकमध्ये (संडासाच्या टाकीत) फुगून बसते आणि टाकीचं तोंड बंद करते. बोका खोक्यात जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर सहल तिथेच थांबवायची, नराची लघवी अडली तर ते काही तासांत जिवावर बेतू शकतं. चोवीस तास काहीच न खाणाऱ्या मांजरालाही दाखवून आणायचं.

मांजरांना बाहेर नेणार असाल तर हार्नेस (अंगात घालायचा पट्टा) दोन आठवडे आधी घरात घालून सवय करा, आणि बाहेर नेताना नेहमी बॅगेत किंवा कॅरिअरमध्ये घालून न्या. दारातून चालत नेलं की ती शिकतात, 'दार उघडलं की बाहेर', आणि मग एक दिवस तुमच्या पायांमधून निसटतात. सकाळी सातची वेळ बरी, कुत्री फिरायला निघण्याआधीची. पंधरा मिनिटं पुरे. खाली चादर टाकण्याआधी मुंग्यांची वारुळं बघा, टेक्ससच्या फायर अँट्स मांजरालाही सोडत नाहीत. घरी परतल्यावर आणि मुक्कामीही कानांमागे, मानेखाली गोचीड चाचपून बघा.

आता तुमचा करपलेला पाव. त्या ओव्हनमध्ये खाली एकच बर्नर असतो, त्यावर पातळ पत्रा, आणि पत्र्यापासून जाळी जेमतेम काही इंचांवर. वर तापवणारं काहीच नाही. म्हणजे पावाला खालून झळ लागते आणि वरून नुसती कोमट हवा. उपाय म्हणजे अर्धा इंच जाडीचा बेकिंग स्टोन किंवा ग्लेझ नसलेली फरशी पत्र्यावरच्या जाळीवर ठेवायची. चारही बाजूंना किमान इंचभर मोकळं सोडा, नाहीतर गरम हवा वर चढत नाही आणि पाव आणखीच पांढरा राहतो. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास नको, आत टांगायचा थर्मामीटर घ्या. दगडासकट निदान २० मिनिटं तापू द्या. आठ इंची चौकोनी किंवा ८ × ४ इंची लोफ टिन वापरा. मोठा ट्रे घातला तर तोच हवा अडवतो. दोन-तृतीयांश वेळ झाली की टिन फिरवून पुढची बाजू मागे करा. तरीही तळ गडद झाला तर टिनखाली रिकामा ट्रे सरकवा.

एका छोट्या पावाचं माप असं: ब्रेड फ्लोअर (पावाचा मैदा) ३०० ग्रॅम, पाणी २०० ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट अर्धा टीस्पून, तेल एक टेबलस्पून. आदल्या रात्री आठला मळून तासभर बाहेर, मग झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. सकाळी सातला आकार देऊन टिनमध्ये. गार पीठ फुगायला दीड ते दोन तास घेतं. नऊच्या सुमाराला ३७५ अंश फॅरनहाइटला ३५ ते ४० मिनिटं. पोटात थर्मामीटर खुपसून १९५ ते २०० अंश आले की झालं. वरचा रंग हवा असेल तर आधी दूध आणि बाहेर काढल्यावर लोणी. पाव तिरका फुगत असेल तर दोष पिठाचा नाही, गाडी सपाट उभी नाही. फ्रिझरच्या तळाशी स्पिरिट लेव्हल ठेवून बघा. गॅसवर चालणाऱ्या शोषण-फ्रिजलाही तिरपं उभं राहणं मानवत नाही, तेव्हा दोन्ही कामं एकदम होतील.

फुगणारं पीठ मांजरांपासून झाकूनच ठेवा. मांजराने कच्चं यीस्टचं पीठ खाल्लं तर ते पोटात फुगत राहतं आणि त्यातून मद्यार्क तयार होतो, दोन्ही घातक. बंद मायक्रोवेव्ह ही उत्तम जागा. शेजारी गरम पाण्याचा पेला ठेवला की ऊबही मिळते. भाजलेला पावही निवायला तिथेच. ओव्हन चालू असताना मांजरं मागच्या खोलीत दार लावून ठेवा. गाडीतल्या ओव्हनचं दार बरोबर त्यांच्या नाकाच्या उंचीवर येतं, आणि वरच्या जाळ्या विझवल्यावरही बराच वेळ तापलेल्या असतात.

प्रोपेन जळताना वाफ आणि थोडा कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, म्हणून छतावरचा पंखा बाहेर फेकणारा आणि चुलीजवळची खिडकी चार बोटं उघडी. गाडी वापरलेली आहे, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मच्या पाठीवरची तारीख आजच बघा. हे अलार्म पाच-सात वर्षांत बाद होतात, बॅटरी नवी असली तरी. निघताना पायलट (ओव्हनमधली सतत जळणारी बारीक ज्योत) आणि टाकीचा कॉक दोन्ही बंद. गॅस संपेल ही भीती मात्र सोडा. साधारण ७,००० बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णतेचं माप) बर्नरला एक गॅलन प्रोपेन बारा-तेरा तास पुरतो. त्याऐवजी विजेचा छोटा कन्व्हेक्शन ओव्हन घ्यावा असं वाटलं तर तो १५०० वॅटचा, म्हणजे १२.५ अँपिअर खातो. तुमची जोडणी ३० अँपिअरची असेल तर एसी आणि विजेवरचा वॉटर हीटर यांच्यासोबत तो चालणार नाही, ब्रेकर पडेल. सकाळी नऊची वेळ मी त्यासाठीही सांगितली. दहा वाजेपर्यंत ओव्हन बंद, आणि दुपारचा एसी मांजरांसाठी मोकळा. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत वीसेक अंश फॅरनहाइटने तापते, हे लक्षात असू द्या.

मग उरलेला दिवस फुलांचा. खुर्ची ताटव्याच्या कडेला टाका, आत नको. ब्लूबॉनेट वर्षायू आहे, तुडवलेलं झाड पुढच्या वर्षीचं बी देत नाही, आणि त्या निळ्याखाली रॅटलस्नेकही असू शकतो. राज्य उद्यानात फुलं तोडायला मनाई आहेच. ब्लूबॉनेट ही ल्युपिनची जात, तिच्यात विषारी अल्कलॉइड असतात, म्हणून बोक्याला चघळू देऊ नका. एका जागी तासभर बसलात तर एक गंमत दिसेल. ताज्या फुलाच्या वरच्या पाकळीवर पांढरा ठिपका असतो. फूल जुनं झालं की तो लालसर जांभळा होतो, आणि मधमाशा त्या फुलांना टाळून फक्त पांढऱ्या ठिपक्यांवर उतरतात. गाडीच्या खिडकीतून ताशी ६० मैलांनी हे दिसत नाही, एवढं यजमानांना दाखवाच. निळ्यात मिसळलेली तांबडी इंडियन पेंटब्रश आपली मुळं शेजाऱ्याच्या मुळांना लावून थोडं अन्न उसनं घेते. आणि एप्रिल पुढे सरकला की पिवळी-लाल इंडियन ब्लँकेट उमलते. तिला बघून ओळखीचं वाटेल. दसऱ्याच्या हारात झेंडूशेजारी येणारा आपला गलांडा तो हाच, आणि त्याचं माहेर टेक्सस-मेक्सिकोकडचं.

कॅटरीबद्दल. मांजरी औषध आणि सवय दोन्ही करूनही प्रत्येक फेरीत ओकत राहिली, तर तिला घरीच, रोज येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या भरवशावर ठेवा. वयस्क मांजरीला परक्या पिंजऱ्यापेक्षा स्वतःचं घर बरं. बोका त्यामुळे मागे राहिलाच पाहिजे असं नाही. गाडी विकायचा निर्णय अशा दोन सहली होईपर्यंत बाजूला ठेवा. आतापर्यंत तुम्ही आरव्ही वापरून बघितलेलीच नाही, फक्त चालवली आहे.

निघायच्या सकाळी क्रम एवढाच: आधी मांजरं कॅरिअरमध्ये, मग पाणी, वीज, टाक्या, आणि सगळ्यांत शेवटी स्लाइड. बटण दाबण्याआधी यजमानांनी मोठ्याने विचारायचं, "दोन?" आणि तुम्ही दोन्ही कॅरिअरमध्ये डोकावून, डोळ्यांनी बघूनच "दोन" म्हणायचं.